निऑनला बदल सोसत नाही

पहाटे पाच-साडेपाचला, खोलीतला दिवा न लावता, मोबाईलचा मंद उजेड बाजूला धरून माशांच्या टाकीत डोकावून बघा. आदल्या संध्याकाळी ज्यांच्या अंगावर निळी रेघ लखलखत होती, ते निऑन टेट्रा ओळखूच येत नाहीत. तळाजवळ, झाडांच्या आडोशाला काही फिकट, जांभळट-करडे मासे स्तब्ध तरंगत असतात. अंग काचेसारखं, जवळजवळ आरपार. नवशिक्याच्या काळजात धस्स होतं. त्याला वाटतं, रात्रीतून सगळे आजारी पडले. पण दिवा लावा आणि थोडा वेळ समोर बसा. जांभळी छटा हळूहळू निळी होते, निळी मोरपंखाकडे झुकते, पोटाच्या मागची तांबडी पट्टी भरून येते आणि सगळा थवा एकदम हलतो.

या माशाच्या अंगात निळा रंग असा नसतोच. त्या पट्टीच्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यावर पडलेल्या उजेडातला ठरावीक रंगच परत फिरतो आणि आपल्याला निळं दिसतं. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. पापुद्र्यांमधलं अंतर आणि त्यांचा कल किंचित बदलला की रंग बदलतो. रात्री तो बदलतो, आणि मासा घाबरला, गुदमरला किंवा आजारी पडला तरीही बदलतो. म्हणूनच जाणती माणसं टाकीपुढे उभी राहिली की आधी पट्टी बघतात. वैद्याला जशी नाडी, तशी ही पट्टी.

निऑन टेट्रा हा आपल्याकडच्या दुकानांतला बहुधा सर्वांत जास्त घरी नेला जाणारा आणि सर्वांत जास्त घरी मरणारा मासा आहे. आठ-दहा आणायचे, आठवड्यात निम्मे जायचे, महिन्यात टाकी रिकामी व्हायची, आणि मग 'निऑन आपल्याकडे टिकत नाहीत' असं म्हणून नाद सोडून द्यायचा. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याबद्दल लिहावंसं वाटलं. कारण चांगल्या टाकीत हाच मासा पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो.

नाजूक म्हणजे काय?

निऑनचं घर अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलचा पश्चिम भाग यांतल्या जंगलातल्या ओढ्यांमध्ये आहे. ऑगस्त राबो या फ्रेंच माणसाला तो 1934 साली पेरूच्या जंगलात मिळाला. 1936 मध्ये जॉर्ज मायर्स या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि फिलाडेल्फियातले मत्स्यालय-मासिकाचे संपादक विल्यम इनिस यांचं नाव त्याला दिलं. आज त्याचं शास्त्रीय नाव पॅराकायरोडॉन इनिसाय असं आहे. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा रिओ निग्रो आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला. दोघांत फरक ओळखायचा तर तांबडी पट्टी बघावी. निऑनची अर्ध्या अंगापासून शेपटीपर्यंत असते, कार्डिनलची डोक्यापासून शेपटीपर्यंत. आज बाजारात येणारे बहुतेक निऑन जंगलातले नसतात. ते पैदास-केंद्रांत वाढवलेले असतात.

त्या मूळच्या ओढ्यांवर झाडांचं दाट छत असतं. खाली पानांचा खच पडलेला. पानं कुजून त्यांचा अर्क पाण्यात उतरतो आणि पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. ते आम्लधर्मी असतं आणि त्यात क्षार अगदी कमी असतात. पाऊसकाळात ओढे फुगून जंगलात शिरतात, नंतर ओसरतात, पण हे सगळं आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या चालीने. सकाळी एक पाणी आणि दुपारी दुसरंच, असं तिथे होत नाही.

हा मासा दुबळा आहे असं नाही. जेमतेम तीन सेंटिमीटरचा जीव मोठ्या माशांच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो दुबळा कसा असेल? त्याला सोसत नाही तो अचानक झालेला बदल. त्यामागे शरीराचं साधं कारण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांमधून पाणी सतत आत झिरपत राहतं आणि क्षार बाहेर निसटत राहतात. असा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. उलट मूत्रपिंडं रात्रंदिवस पाणी बाहेर काढत असतात आणि कल्ले पाण्यातून क्षार वेचून आत घेत असतात. हा जमाखर्च भोवतालच्या पाण्याप्रमाणे बसवलेला असतो. पाणी पालटलं की तो नव्याने बसवावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. आपण मात्र पिशवी फोडून मासे टाकीत सोडायला एक मिनिटही घेत नाही.

शंभर एकरांच्या तळ्यात काही बदलायचं तर वेळ लागतो. पन्नास लिटरच्या टाकीत सगळं तासाभरात बदलतं, आणि काचेच्या गोल भांड्यात त्याहूनही लवकर. म्हणून निऑनसाठी ते शोभेचं भांडं मुळीच नको. कमीत कमी दोन फुटी टाकी घ्यावी. चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद, बारा इंच उंच. तिच्यात काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड घातल्यावर 45 च्या आसपास उरतं. लहान टाकीपेक्षा ती सांभाळायला सोपी जाते, कारण तिच्यात चुका सावकाश घडतात आणि सुधारायला वेळ मिळतो.

रिकामी टाकी, दीड महिना

आपल्याकडे टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. मुलांचा वाढदिवस असतो, दुकानदार सगळा संच जुळवून देतो, संध्याकाळी टाकी लागते आणि रात्री मासे पोहू लागतात. पाणी स्वच्छ, नितळ दिसतं. पण त्यात अजून काहीच तयार झालेलं नसतं.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया कल्ले जाळतो. निसर्गात तो दोन टप्प्यांत निकामी होतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य; ते आठवड्याच्या पाणीबदलात आणि झाडांच्या वाढीत निघून जातं.

हे जिवाणू विकत आणलेल्या कोऱ्या फिल्टरमध्ये नसतात. ते हळूहळू येतात आणि स्पंजाच्या भोकाभोकांत, वाळूच्या कणांवर, दगडांवर वस्ती करतात. त्यांची वाढ संथ असते. दही लावायला एक रात्र पुरते, इथे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे असतील तर ते रोज थोडं थोडं विष पीत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला मासा जातो आणि आठवड्याभरात रांग लागते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय सोपा आहे, फक्त धीर धरावा लागतो. टाकी मांडा, पाणी भरा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि मासे आणूच नका. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. पाणी तपासायचे थेंबांचे किट दुकानात मिळतात, ते घ्या. आधी अमोनिया चढलेला दिसेल, मग तो उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की समजा, टाकी पिकली. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज थोडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. दुधाला विरजण लावावं तसं ते विरजण आहे. त्याने वेळ बराच वाचतो.

याच काळात झाडं लावून घ्या. जावा मॉस, वॅलिसनेरिया अशी साधी झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खातात आणि निऑनला हवा तो आडोसाही देतात.

रविवारची धुलाई

आता एक अवघड गोष्ट. आपल्या घरांत स्वच्छतेचं मोल मोठं आहे, आणि निऑनचा सर्वांत मोठा घात त्या स्वच्छतेनेच होतो. महिन्यातून एका रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, वाळू नळाखाली खळखळून धुवायची, स्पंज पिळून पिळून पांढरा करायचा, काच लखलखीत पुसायची आणि ताजं पाणी भरून मासे परत सोडायचे. घरातले सगळे उत्साहाने हे करतात. मीही काही वर्षं हेच केलं. एकदा रविवारी अशी टाकी धुतली आणि बुधवारपर्यंत बारातले सात निऑन गेले. पाणी इतकं नितळ होतं की त्यातच काही बिघडलं असेल, हा विचारही मनाला शिवला नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं आणि आपलं काम चोख करतं. महिन्याभराने पुन्हा वसलेली जिवाणूंची वस्ती मी एका दुपारी नळाखाली धुऊन टाकली होती. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली, पण आता तिच्यात बारा मासे होते.

त्याऐवजी दर आठवड्याला टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी नळीने काढावं. नळीचं तोंड वाळूत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्यावा. तेवढंच तयार ठेवलेलं पाणी सावकाश घालावं. काच आतून पुसली तर पुढची तेवढी पुसावी. मागच्या बाजूचं शेवाळ राहू द्यावं. फिल्टरचा प्रवाह मंदावला तरच स्पंज काढावा आणि टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा हलकेच दाबावा. पाणी चिखलासारखं होईल. स्पंज तपकिरीच राहील. तो तसाच राहायला हवा.

आपल्या नळाचं पाणी

महाराष्ट्रात पाण्याचे साधारण दोन तऱ्हेचे संसार आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नळाला येणारं पाणी घाटमाथ्याच्या आणि सह्याद्रीच्या पावसाचं, धरणात साठवलेलं असतं. मुंबईला ते भातसा, वैतरणा, तानसाहून येतं, पुण्याला खडकवासल्याहून. ते बऱ्यापैकी मऊ असतं आणि निऑनला चालतं. दुसरं बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच हे जड पाणी.

पैदास-केंद्रातले निऑन मध्यम जड पाण्यालाही सरावतात. अंडी घालायची आणि पिल्लं जगवायची तर मात्र मऊ, आम्लधर्मी पाणीच लागतं. तेव्हा केवळ पाळायचे असतील तर आकड्यांच्या मागे फार धावू नये. पीएच, म्हणजे सामू, 7.4 असेल आणि तो वर्षभर 7.4 राहत असेल तर निऑन सुखात राहतात. औषधाचे थेंब टाकून तो 6.5 वर आणायचा आणि दोन दिवसांत पुन्हा वर जाऊ द्यायचा, या हेलकाव्यात मात्र ते मरतात.

सामूचा आणि अमोनियाचा एक संबंध ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो; एक अतिविषारी, एक बराच निरुपद्रवी. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे अमोनिया तेवढाच, विष दहापट. बोअरचं पाणी सहसा सामूने चढं असतं. म्हणून बोअरच्या पाण्यावरच्या टाकीत मासे कमी ठेवावेत आणि खाद्य आणखी हात राखून घालावं.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. एप्रिल उजाडला की सोसायटीत टँकर सुरू होतात. आज धरणाचं पाणी, उद्या टँकरचं, परवा बोअर आणि टँकर मिसळलेलं. आपल्याला अंघोळीला फरक कळत नाही, माशाला पहिल्याच क्षणी कळतो. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर आता पेनाएवढं मिळतं. टाकीतलं पाणी मोजा, बादलीतलं मोजा. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर त्या दिवशी पाणी बदलू नका, किंवा अगदी तांब्या-तांब्याने घाला. झाकणाच्या एका पिंपात आठवड्याचं पाणी भरून ठेवण्याची सवय सर्वांत चांगली. एक दिवस उघडं राहिलं की त्यातलं साधं क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरिन सांगितलेल्या मापाने घालावं.

बोअरचं पाणी फारच जड असेल तर त्यात घरच्या आरओचं शुद्ध पाणी मिसळता येतं. निव्वळ आरओचं पाणी भरू नये. त्यात क्षारच नसल्यामुळे सामूला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो अचानक कोसळतो. आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मूळ पाण्याहूनही जड असतं; ते टाकीत कधीच नको.

आणि एक वस्तू आपल्याला अगदी फुकट मिळते. मुंबईच्या रस्त्यांवर, कोकणात किनाऱ्यालगत देशी बदामाची झाडं सगळीकडे आहेत. थंडीत त्यांची मोठाली पानं लालबुंद होऊन गळतात. रस्त्याच्या धुरापासून दूर असलेल्या, कीटकनाशक न मारलेल्या झाडाखालचं वाळलेलं, तपकिरी पान उचला, धुवा आणि पाण्यावर सोडा. दोन दिवस ते तरंगतं, मग तळाला बसतं. हळूहळू पाण्याला फिक्या चहाचा रंग चढतो. दोन फुटी टाकीला एक पान पुरे. त्या पाण्यात, गडद वाळूवर आणि मंद उजेडात निऑनची रेघ अशी उठून दिसते की ही रेघ कशासाठी आहे ते तेव्हा कळतं. अंधाऱ्या पाण्यात सोबत्याला सोबती दिसावा, म्हणून.

दुकानातून घरापर्यंत

मासे निवडताना आधी टाकी निवडा. ज्या टाकीत एखादा मेलेला मासा तरंगतोय, एखाद्याचे पर अंगाला चिकटलेत, एखादा कोपऱ्यात एकटा पडलाय, त्या टाकीतला चांगला दिसणारा मासाही घेऊ नका. माल कधी आला ते विचारा. आजच आला असेल तर आठवड्याने जा. प्रवासाचा ताण सोसून जे उरतील ते तुमच्या घरीही टिकतील. दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगा. जो मासा धावून खातो तोच घ्या.

पिशवीत काय घडतं तेही समजून घेण्यासारखं आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून प्रवास किती झाला यावर रीत ठरते. दुकान जवळ असेल, तासाभराचाच प्रवास असेल, तर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखं करावं. मग मासे पाण्यासकट छोट्या बादलीत घ्यावेत, एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात सोडावं आणि तासाभराने जाळीने मासे टाकीत सोडावेत. मासे रात्रभर प्रवास करून आले असतील तर मात्र पिशवी उघडल्यावर वेळ काढू नये. तापमान जुळवून घ्यावं आणि लगेच मासे काढून घ्यावेत. दोन्ही वेळी पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. त्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवावा आणि खायला काहीच घालू नये.

निऑन थव्यातला मासा आहे. दोन-तीन आणले तर ते भीतीनेच खंगतात. दहा तरी असावेत. टाकी पिकलेली असली तरी आधी पाच-सहा आणा, दोन आठवड्यांनी उरलेले, म्हणजे जिवाणूंनाही वाढत्या भाराशी जुळवून घेता येतं. नवे मासे आधी वेगळ्या छोट्या टाकीत दोन आठवडे ठेवता आले तर फारच चांगलं. त्यांच्यासोबत एंजल किंवा गोल्डफिश मात्र नको. मोठा झालेला एंजल निऑनला गिळतो, आणि गोल्डफिशला थंड पाणी मानवतं व त्याची घाणही फार होते.

उन्हाळा, वीज आणि धूर

निऑनला 22 ते 26 अंश पाणी मानवतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशांना लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम, 32 अंशांना सातच्या जरा वर. त्याच वेळी उष्णतेने माशाचा श्वास वाढलेला असतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे टाकण्याचा मोह टाळावा. पाच अंशांचा अचानक उतार तिसाच्या उकाड्यापेक्षा वाईट. नाशिक-पुण्याच्या थंडीत रात्रीचं पाणी विशीच्या खाली जातं, तिथे थर्मोस्टॅट असलेला हीटर लावावा.

वीज गेली की फिल्टर बंद पडतो आणि त्यातल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, हे विसरून चालत नाही. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. नसेल तर दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी उंचावरून टाकीतच परत ओता. बंदिस्त डब्याचा फिल्टर कित्येक तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर लगेच सुरू करू नका. आतलं कुजलेलं पाणी आधी ओतून टाका. आणि त्या काळात माशांना खायला घालू नका.

तिसरा शत्रू दिसत नाही. डास मारायच्या मशीनमधलं आणि फवाऱ्यातलं औषध बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातलं असतं. माणसाला ते फारसं बाधत नाही, माशाला त्याचा अंशही घातक. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे तो धूर आपण हातानेच टाकीत घालत असतो. टाकी असलेल्या खोलीत डासांचं मशीन, फवारा, धूप हे काहीही नको. पेस्ट कंट्रोल असेल तर टाकी पूर्ण झाकून पंप तेवढा वेळ बंद ठेवावा आणि खोली नीट हवेशीर झाल्यावरच सुरू करावा.

खाणं आणि आजार

निऑनचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच समजा. बारीक चुरलेलं खाद्य, दिवसातून एक-दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस लंघन. दिवाळीला गावी गेलात तर पाच-सहा दिवस मासे उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. शेजाऱ्यांनी मायेने डबा रिकामा केला तर मात्र होतं. दुकानात मिळणारी जिवंत लाल गांडुळं, ट्युबिफेक्स, घाणीच्या पाण्यात वाढतात आणि रोग घेऊन येतात. ती टाळावीत.

एका आजाराला या माशाचंच नाव पडलं आहे, निऑन टेट्रा डिसीज. प्लाइस्टोफोरा नावाचा सूक्ष्म परजीवी स्नायूंत शिरतो. अंगावर दुधाळ, फिका डाग पडतो, पट्टी त्या जागी तुटते, पाठ वाकडी होऊ लागते, मासा थव्यातून बाजूला पडतो. यावर औषध नाही. मेलेला मासा इतरांनी कुरतडला की रोग पसरतो, म्हणून अशी लक्षणं दिसलेला मासा त्याच दिवशी वेगळा करावा आणि मेलेला मासा क्षणभरही टाकीत राहू देऊ नये. काही जिवाणूजन्य आजारांतही असाच पांढरटपणा येतो आणि त्यांतले काही बरे होतात. तेव्हा वेगळ्या टाकीत ठेवून बघणं योग्य. पण मुख्य टाकीत अंदाजाने औषधं ओतू नयेत. त्यांतली बरीच औषधं फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतात, आणि मग एका माशाच्या आजाराने सगळी टाकी जाते.

वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एकच सूत्र आहे. पाणी थोडं थोडं बदला, मासे थोडे थोडे आणा, खाद्य थोडं थोडं घाला, तापमान सावकाश चढू-उतरू द्या. निऑनसाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो आपला संथपणा, आणि रोज दोन मिनिटं टाकीपुढे उभं राहून पट्टी बघण्याची सवय.

तेव्हा निऑन पाळायची हौस असेल तर या रविवारी टाकी जरूर आणा. वाळू घाला, झाडं लावा, पाणी भरा, फिल्टर सुरू करा. घरातल्या मुलांना सांगा की या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आधी राहायला येणार आहेत. मासे दीड महिन्याने आणा.